‘फक्त प्रोग्रॅमर हवेत, मानधन नाही, नाव होईल’: अशी जाहिरात कोण वाचणार?

विक्रोळीकर
काल एक जाहिरात फिरत आली. ‘रोड रॅशवरून घेतलेला, मुंबईच्या रस्त्यांवरचा फॅन गेम. कथा, १२ बाइक, ४० लेव्हल ठरल्यात. फक्त प्रोग्रॅमर हवेत. मानधन नाही, पण नाव होईल. बाकी इनबॉक्समध्ये.’ रोड रॅश म्हणजे धावत्या बाइकवरून एकमेकांना लाथा मारत शर्यत करायचा जुना गेम, आणि फॅन गेम म्हणजे चाहत्यांनी त्यावरून केलेला. जाहिरात वाचून गप्प बसवेना.

फुकट काम मागण्याला माझा विरोध नाही. काम न सांगता माणूस मागण्याला आहे. इंजिन, म्हणजे ज्यावर गेम बांधायचा ते सॉफ्टवेअर, कोणतं? खरा थ्रीडी रस्ता, की मूळ गेमसारखा रस्त्याचे तुकडे, म्हणजे सेगमेंट, जोडून तसा भास निर्माण करणारा? फोनसाठी की पीसीसाठी? आठवड्याला किती तास? यातलं काहीही जाहिरातीत नाही.

आधी एकच रस्ता करा. ९० सेकंदांचा, एक बाइक, तीन प्रतिस्पर्धी, एक पोलीस. लाथ बसली की समोरचा पडला पाहिजे, बस. चित्रं नकोत, रंगीत ठोकळे चालतील. तो ४ जीबी रॅमच्या फोनवर चालवा आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जाहिरातीला जोडा. मग ‘प्रोग्रॅमर हवेत’ असं न लिहिता अडलेलं काम लिहा: ‘३०० सेगमेंट पुढपर्यंत रस्ता काढला की एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, १६.६ मिलिसेकंद पुरत नाहीत, सेकंदाला ६० चा फ्रेमरेट पडतो. हे सोडवायचंय.’ हे वाचून ज्याला येतं त्याचे हात शिवशिवतात. ‘नाव होईल’ वाचून कोणाचे शिवशिवत नाहीत.

गिरगाव_रायडर
जाहिरात माझी आहे, म्हणून उत्तर देतो. ज्याला कोड येत नाही त्याने गेमचा विचारच करायचा नाही का? ४० लेव्हलचे वळणावळणाचे नकाशे काढणं हेही कामच आहे. आणि तो ९० सेकंदांचा रस्ता करायलाच तर प्रोग्रॅमर हवाय! आधी विहीर खणा, मग तहान लागल्याचं सांगा, असं झालं हे.

खोपोली_स्लो
रायडर, नकाशे हे काम आहे, मान्य. पण ४० नको होते, एक हवा होता. बाइकचा वेग आणि ब्रेक हाताला कसे लागतात ते कळल्याशिवाय वळण किती तीव्र ठेवायचं ते ठरत नाही. पहिला नमुना चालला की उरलेले ३९ पुन्हा काढावे लागतात.

गोडो हे इंजिन उतरवून घ्या. एमआयटी या मोकळ्या परवान्याचं आहे, पैसे लागत नाहीत. एक बाइक पुढे पळवण्यापुरती त्याची जीडीस्क्रिप्ट भाषा कोड न येणाऱ्यालाही दोन-तीन रविवारांत जमते. शिवाय त्याच्या सीन फाइल साध्या मजकुराच्या आणि वाचता येण्याजोग्या असतात, त्यामुळे दोघांचे बदल गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनात, जुळवणं सोपं जातं. युनिटी या दुसऱ्या इंजिनातही फाइल मजकुरात ठेवता येतात, पण एकाच सीनमध्ये दोघांनी हात घातला की ते आकड्यांचं जंगल डोळ्यांनी उलगडत नाही. तिथे मेटा फाइल गिटमध्ये टाकायला विसरलात तर दुसऱ्याच्या मशीनवर सगळे दुवे तुटतात. गोडोत इम्पोर्ट फाइल टाकायच्या, ‘.godot’ हा आपोआप बनणारा फोल्डर टाकायचा नाही.

आणि ‘प्रोग्रॅमर हवेत’ हे अनेकवचन काढा. तीन माणसांत बोलण्याच्या जोड्या ३ होतात, दहांत ४५. सुरुवातीला दोन पुरेत.

पार्लेकर
इंजिनवर एवढा खल चाललाय आणि मूळ दुखण्याकडे कोणी बघत नाही. रोड रॅश हे नाव इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीचं आहे, १९९१ पासून. त्या नावाखाली स्वयंसेवक गोळा करणं म्हणजे दुसऱ्याच्या प्लॉटवर सोसायटी बांधून सभासद करून घेणं.

गिरगाव_रायडर
एक रुपया घेत नाही आम्ही! फुकट वाटणार. कसला कॉपीराइट?

पार्लेकर
हाच गैरसमज नडतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मेट्रॉइड २ या निन्टेन्डोच्या जुन्या गेमचा फॅन रिमेक, म्हणजे चाहत्यांनी नव्याने केलेला गेम, आला आणि त्याच महिन्यात पोकेमॉन युरेनियम हा फॅन गेम. दोन्ही फुकट, दोन्हींमागे कित्येक वर्षांचं काम. निन्टेन्डोकडून नोटिसा आल्या आणि दोन्हींची डाउनलोड उतरवावी लागली. फुकट असणं ही ढाल नाही.

खोपोली_स्लो
घाबरवू नका उगाच. हाफ-लाइफ या गेमचा फॅन रिमेक ब्लॅक मेसा मालक कंपनी वाल्वने अडवला नाही, उलट विकायला परवानगी दिली. २०२० मध्ये तो पूर्ण झाला.

पार्लेकर
परवानगी दिली, हे तुम्हीच लिहिलंत. ती रायडर यांच्याकडे आहे का? नसेल तर मालकाच्या मर्जीवर दोन-दोन वर्षं लोकांचे रविवार लावू नका. त्यांना जाहिरातीत हा धोका सांगितलाही नाहीये, याचा मला राग आहे.

गिरगाव_रायडर
राग आहे तर राग ठेवा. मग बाइकवर लाथा मारायच्याच नाहीत का? तीच तर मजा आहे.

पार्लेकर
खुशाल मारा. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो ती मांडण्याच्या रूपावर असतो. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच हे सांगितलंय. धावत्या बाइकवरून मारामारी ही कल्पना कोणीही घ्यावी. नाव, बाइकची चित्रं, संगीत, पात्रं मात्र स्वतःची करा.

दुसरं, जे इथे कोणीच बोललं नाही. स्वयंसेवकाने लिहिलेल्या कोडचा मालक स्वयंसेवकच असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनेच हस्तांतरित होतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे भांडून निघून गेलेला माणूस ‘माझा कोड काढा’ म्हणू शकतो. म्हणून परवान्याची फाइल पहिल्या दिवशी टाका आणि ‘माझा कोड या परवान्याखाली’ हे प्रत्येकाकडून लेखी घ्या. एमआयटी ठेवलात तर कोणीही उचलून विकू शकेल, जीपीएल हा परवाना ठेवलात तर वाटणाऱ्याला आपला सोर्सही द्यावा लागेल. आयटीत नोकरी करणाऱ्यांनी आपला करार आधी वाचावा. फावल्या वेळातलं कामही कंपनीचं, असं कलम बऱ्याच करारांत असतं.

विक्रोळीकर
माझा धागा भरतीचा होता, कोर्टाचा नव्हता. पण लेखी घ्यायचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, तो घ्यावाच लागेल.

आता भरतीकडे या. मुलाखती घेऊ नका. दोन ते चार तासांची पाच कामं यादीत टाका, कोड उतरवल्यापासून गेम चालेपर्यंतच्या पायऱ्या लिहा आणि त्या कोऱ्या लॅपटॉपवर करून बघा. पंधरा मिनिटांत गेम चालला नाही तर नवा माणूस परत येत नाही. ज्याचा पहिला बदल नीट आला तो टीममध्ये. आणि तो बदल ४८ तासांत तपासा. आठवडाभर तसाच पडला तर तोही जातो, आणि दोष तुमचा असतो.

वेळ धरताना आठवड्याला चार तास धरा. कर्जत-विरारहून येणाऱ्याचा आठवडा लोकलमध्येच जातो. गणपतीचे दिवस आणि मुलांच्या परीक्षा सोडून तारखा लावा. महिन्यातून एकदा भेटायचं तर दादर, कारण मध्य आणि पश्चिम दोन्हीकडून सरळ येता येतं. पण शनिवारी. रविवारी मेगाब्लॉक असला की अर्धे लोक येत नाहीत.

गिरगाव_रायडर
शनिवारी ठीक आहे. ४० लेव्हल काढायला मन होत नाही, पण जाहिरातीतून काढतो. नवा मजकूर असा:

‘धावत्या बाइकवरच्या मारामारीचा गेम. नाव आणि चित्रं आमची स्वतःची. गोडो, जीपीएल, अँड्रॉइड फोन. सध्या: मरीन ड्राइव्हचा ९० सेकंदांचा रस्ता, बाइक पळते, लाथ अजून नाही. हवा: लाथेची टक्कर लिहिणारा एक जण, आठवड्याला चार तास, तीन महिने. पैसे नाहीत. कोड तुमच्या नावाने राहील.’

मरीन ड्राइव्ह अजून झालेला नाही. तीन रविवार द्या, मग टाकतो. आणि सी लिंकची लेव्हल मी ठेवणारच.

खोपोली_स्लो
सी लिंकवर दुचाकीला बंदी आहे. तिथे पोलीस एक नको, चार ठेवा.