बाउएरचे मूकपट: कटच नाहीत तर बघायचं काय?

माहीमकर_स्लो
मंडळी, आमचा ग्रुप रविवारी जुने रशियन मूकपट बघतो. दिग्दर्शकांपैकी आयझेनस्टाइन झाला, मग कोणीतरी येवगेनी बाउएर सुचवला. १९१५ चा 'आफ्टर डेथ' लावला तर अर्धी जनता मोबाईलमध्ये. कटिंग जवळपास नाहीच, सगळे सुतकी चेहऱ्याने फिरतायत. याची स्टाइल स्टाइल म्हणतात ती नक्की कुठाय?

विंगेतला
अहो कट शोधू नका, फ्रेममध्ये मागे काय चाललंय ते बघा. हा माणूस मॉस्कोत चित्रकला शिकलेला, नंतर नाटकांचं नेपथ्य करायचा, सिनेमात आला तेव्हा पंचेचाळिशी उलटलेली. त्यामुळे पुढे खांब, मग फुलं, मग झिरझिरीत पडदा, त्याच्यामागे अजून एक दालन आणि तिथून कोणीतरी चालत येतंय, असं सगळं थराथरात. पार्टीचा सीन परत लावा, हिरो माणसांना बुजणारा आणि कॅमेरा पाहुण्यांमधून सरकतोय सरकतोय, कट काही होत नाही, शेवटी आपल्यालाच अवघडायला होतं. स्टाइल तिथेय.

चाळ_नं_४
+१. आपले बाबूराव पेंटर आठवले, तेही नाटकाचे पडदे रंगवता रंगवताच सिनेमात आले ना. पण त्यांच्या हाताखालून शांताराम, दामले, फत्तेलाल निघाले. बाउएरचं पुढे कोण?

विंगेतला
दिग्दर्शक कुलेशोव! माँटाजवाल्यांचा, म्हणजे कटला कट जोडून अर्थ काढणाऱ्यांचा गुरू, तो पोरवयात बाउएरचे सेट करायचा, 'फॉर हॅपिनेस'मध्ये तर चित्रकाराचा रोलही केलाय. बाउएर १९१७ च्या जूनमध्ये न्यूमोनियाने गेला, काही महिन्यांत क्रांती झाली आणि मग हे सगळं बूर्झ्वा म्हणून अडगळीत. ८० च्या आसपास सिनेमे केले, उरलेत पंचवीस-एक. १९८९ मध्ये इटलीत पोर्देनोनेच्या मूकपट महोत्सवात दाखवले तेव्हा कुठे जगाला कळलं.

उशिरा_आलेली
फ्रेमबिम ठीक पण स्टोऱ्या फार रडक्या हो, बाई मेली की मग पुरुष तिच्या प्रेमात, हे मला तरी झेपत नाही. त्यापेक्षा १९१४ चा 'चाइल्ड ऑफ द बिग सिटी' लावा. शिवणकाम करणारी पोरगी श्रीमंत बाबूला पार धुऊन काढते, तो तिच्याच दारात गोळी झाडून घेतो आणि ही बया प्रेत ओलांडून रेस्टॉरंटला निघते! १९१४ मध्ये!!

माहीमकर_स्लो
ठरलं, या रविवारी हाच 😄