‘ऑन लोन’ला मराठीत काय लिहावं? उसनी, परत आणलेली की आणखी काही?

अनुवादिका:
शाळेच्या भित्तिपत्रकासाठी वाघनखांवर मजकूर लिहितेय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती जुलै २०२४मध्ये साताऱ्यात आली, तीन वर्षांच्या मुदतीनं. मी ‘उसनी आणलेली’ लिहिलं. एका सहशिक्षकांनी खोडून ‘परत आणलेली’ केलं. म्हणाले, आपलीच वस्तू उसनी कशी? पण मालकी लंडनकडेच आहे, मग ‘परत’ कसं लिहू?

कोशवेडा:
दोन्ही चूक. उसनं म्हणजे वाटीभर साखर. ती संपते, नंतर आपण दुसरी वाटी भरून देतो. तीच वस्तू परत द्यायची असेल तर ‘याचित’. लग्नकार्यासाठी मागून आणलेले कपडे-दागिने, असा अर्थ ‘मिताक्षरा’ या धर्मशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत टीकेनं दिलाय.

माईसाहेब:
‘याचित’ पाचवीच्या पोरांना कसं कळेल? सरळ ‘मागून आणलेली’ लिहा. माझ्या लग्नात आत्याची ठुशी मागून आणली होती. मांडवातून उठल्याबरोबर आईनं ती काढून घेतली, मणी मोजले आणि डबी आत्याच्या हातात दिली. फोटोत ठुशी माझ्याच गळ्यात आहे, पण ती माझी नव्हती.

पश्चिमघाट:
माई, पण ठुशी खरंच आत्याची होती. इथे तोच तर वाद आहे. १८७४ साली इंग्रज फौजेनं घानातलं कुमासी लुटलं. १५० वर्षांनी याच म्युझियमनं आणि ब्रिटिश म्युझियमनं तिथल्या असांटे राजघराण्याच्या ३२ वस्तू कुमासीला दिल्या, त्याही तीन वर्षांच्या ‘लोन’वर. ब्रिटनच्या १९८३च्या कायद्यामुळे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला संग्रहातल्या वस्तू सहजी देऊन टाकता येत नाहीत. लुटलेलं सोनं ज्याचं त्यालाच ‘मागून’ आणावं लागतं, हे मला पटत नाही. ‘लूट’ हा शब्दसुद्धा इंग्रजीनं आपल्याच भाषांतून नेलाय.

कोशवेडा:
वाघनखं लुटीतली नाहीत. पेशव्यांच्या प्रधानानं साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, ग्रँट डफ याला ती दिली, असं त्यांच्या पेटीवरच कोरलंय. ती भेट होती. शिवाय ती महाराजांनीच वापरलेली, हे सिद्ध करता येत नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं.

पश्चिमघाट:
भेट बरोबरीच्यांत होते. ग्रँट डफ रेसिडेंट झाला तोच १८१८मध्ये, पेशवाई बुडाल्यावर. तेव्हा त्याला ‘नाही’ कोण म्हणणार होतं? वरच्याला देतात तो नजराणा, खालच्याला देतात ते बक्षीस. इथे ‘नजराणा’च हवा.

कोशवेडा:
‘नजराणा’ म्हणजे अरबी ‘नज्र’ला फारसी शेपूट. ‘उपायन’ हा संस्कृत शब्द असताना तो कशाला?

माईसाहेब:
आमच्या वाड्यातल्या जुन्या वह्यांत पानोपानी ‘नजर केले’ असंच आहे. तेच मराठी.

अनुवादिका:
मजकूर उद्या लावायचाय. सध्या ‘तीन वर्षांच्या मुदतीनं आणलेली’ एवढंच लिहितेय. ‘परत’ खोडलंय.

पश्चिमघाट:
माई, त्या वह्यांत ‘नजर’ आणि ‘अहेर’ वेगवेगळे मांडलेत का? एखाद्या पानाचा फोटो टाकाल?