इन्सुलिन भरपूर, तरी साखर रक्तातच का?

रंकाळाकर
मंडळी, एक शंका आहे. वडील जुने पैलवान, वय ६८, टाइप २ डायबेटिस, गोळ्या चालू. मध्यंतरी उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासलं, तर ते चक्क जास्त निघालं. मग साखर का उतरत नाही? गंमत म्हणजे जेवून आडवे झाले की दोन तासांनी २३० च्या घरात, आणि तेच जेवून रंकाळ्यावर अर्धा तास फिरून आले की १७० च्या आसपास. भाकरी तीच, आमटी तीच. त्यांचं म्हणणं, "घामातनं साखर जाते रं." मला काय हे पटत नाही.

फिजिओलॉजीच्या बाई
घामातून साखर जात नाही, एवढं बाबांना सांगा. पण त्यांनी बघितलंय ते खरंच आहे.

ग्लुकोज स्नायूच्या पेशीत आपोआप शिरत नाही, त्याला आत न्यायला वाहक प्रथिन लागतं. स्नायूत हे काम मुख्यतः ग्लुट-४ करतं. एरवी बहुतेक ग्लुट-४ पेशीच्या आत बारीक पिशव्यांत पडून असतं, केएमटीच्या बसगाड्या डेपोत उभ्या असाव्यात तसं. इन्सुलिन साखरेला स्वतः हातही लावत नाही. ते पेशीच्या आवरणावरच्या रिसेप्टरला चिकटतं, मग आत आयआरएस-१, पीआय-३ कायनेज, एकेटी या प्रथिनांमार्फत निरोप पुढे पुढे जातो आणि त्या पिशव्या आवरणाला येऊन मिळतात. मग साखर आत. आत आल्या आल्या हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम तिला फॉस्फेट चिकटवतं, म्हणजे परतीची वाट बंद. वापरून उरलेल्याचं ग्लायकोजेन होतं, म्हणजे साखरेचा साठा. मोठ्या माणसाच्या स्नायूंत ते साधारण ४०० ग्रॅम मावतं, यकृतात १०० च्या आसपास.

बाबांसारख्यांच्या स्नायूत ग्लुट-४ सहसा पुरेसं असतं. अडतो तो निरोप, तोही अगदी वरच्या टप्प्यांवर. म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडत राहतं, आणि तुमच्या रिपोर्टात आकडा चढलेला दिसतो.

चालताना मात्र स्नायू आकुंचन पावतो, पेशीत कॅल्शियम वाढतं, एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ग्लुट-४ वर येतं. हा रस्ता इन्सुलिनच्या निरोपावर अवलंबून नाही आणि टाइप २ मध्येही तो बराचसा शाबूत असतो. शिवाय व्यायामानंतर एक-दोन दिवस तो स्नायू इन्सुलिनचंही जरा जास्त ऐकतो. पण जो राबला तोच! कोपनहेगनच्या संशोधकांनी १९८९ मध्ये माणसांना एकाच पायानं व्यायाम करायला लावून हे तपासलं. इन्सुलिनचा असर वाढला तो त्याच पायात.

बाकी रंकाळ्याला फेरी मारून चौपाटीवर भेळ हाणणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

लाल_माती
बाई बरोबर बोलल्या. आमच्या तालमीतल्या जुन्या गड्यांचं हेच झालंय. जोर-बैठका सुटल्या, खुराक सुटला नाही. मांड्या उतरल्या, थंडाई तशीच. भावा, वडलांना नुसतं फिरवू नको, झेपतील तेवढ्या बैठका पण काढायला लाव.

फिजिओलॉजीच्या बाई
अगदी. ग्लायकोजेन साठवायला स्नायू हवा ना! गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून उठ-बस चालेल. आणि वेळ जेवणानंतरची धरा. पहाटेचं फिरणं वाईट नाही, पण जेवणानंतर चढणारी साखर उतरवायची तर तेव्हाच पाय हलले पाहिजेत.

शाहूपुरीची_काकू
मी इन्सुलिन घेते म्हणून एक सांगते. फिरायला जायच्या आधी मांडीत इंजेक्शन घेऊ नये, पाय चालले की ते भराभर रक्तात उतरतं. मी पोटावर घेते. एकदा तसं मांडीत घेऊन देवीच्या दर्शनाला गेले, दर्शनाच्या रांगेतच हातपाय थरथरायला लागले, कपाळाला गार घाम. शेजारच्या बाईनं तिच्या प्रसादातले पेढे भरवले.

रंकाळाकर
आभारी आहे सगळ्यांचा. काकू, बाबांना इन्सुलिन नाही, ग्लिमेपिराइड आहे. त्यानंही असं होतं का?

फिजिओलॉजीच्या बाई
होऊ शकतं. ती गोळी स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडवते, पोटात अन्न असो वा नसो. खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगा. आणि फिरण्यानं आकडे असेच उतरत राहिले तर ते लिहून डॉक्टरांना दाखवा, डोस त्यांनाच ठरवू दे.