बीएडचे सूक्ष्म पाठ: तयारी कुठून सुरू करू?

प्रश्न: बीएस्सी (रसायनशास्त्र) झालंय, बीएडला प्रवेश मिळाला. लवकरच सूक्ष्म पाठ (सहाध्यायींसमोर घ्यायचे छोटे सराव पाठ) आहेत. पुढे शाळेत समुपदेशक व्हायचंय. मार्गदर्शन करा.

उत्तर १: आधी वेळेचं गणित पक्कं करा. 6 मिनिटं अध्यापन, 6 प्रत्याभरण (फीडबॅक), 12 पुनर्नियोजन, 6 पुनरध्यापन, 6 पुन्हा प्रत्याभरण, एकूण 36. समोर 5 ते 10 सहाध्यायी. एका पाठात एकच अध्यापन कौशल्य घ्या. प्रश्नकौशल्याच्या पाठात बहुतेकजण माहितीच सांगत सुटतात आणि प्रश्न जेमतेम दोन होतात. शिवाय 'समजलं का?' हा प्रश्न धरूच नका, त्याला सगळे 'हो'च म्हणतात. 'निळा लिटमस लाल झाला, यावरून द्रावणाबद्दल काय सांगाल?' असं विचारा, मग थांबा. उत्तर अर्धवट आलं तर लगेच दुरुस्त न करता पुढचा सूचक प्रश्न टाका.

उत्तर २: वरच्याशी सहमत. पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) 'विद्यार्थ्यांना आम्ल समजेल' असं उद्दिष्ट लिहू नका, ते तपासणार कसं? 'विद्यार्थी लिटमसच्या साहाय्याने आम्ल व आम्लारी ओळखतो' असं लिहा. मूल्यमापनाचा प्रश्न त्यातूनच निघतो.

उत्तर ३: समुपदेशनासाठी नुसतं बीएड अपुरं आहे. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम बघा. ऐकून घेण्याचा सराव मात्र आत्ताच सुरू करा. शिक्षकाची चटकन सल्ला देण्याची सवय तिथे आड येते.

उत्तर ४: टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) विसरू नका. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, 150 गुण. खुल्या प्रवर्गाला 90 हवेत.