आधी केबल बदलून पहा
भाऊ, तुम्ही म्हणता अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं, यूएसबी डिबगिंग (केबलवरून लॅपटॉपला फोन हाताळू देणारी सेटिंग) चालू केलं, तरी एडीबीच्या (लॅपटॉपवरून फोनला कमांड देणाऱ्या टूलच्या) लिस्टमध्ये फोन येतच नाही, तर आधी केबल बदला. माझे दोन दिवस असेच गेले, लॅपटॉपवर ड्रायव्हर (फोन ओळखायचं सॉफ्टवेअर) तीनदा टाकला आणि शेवटी कळलं की नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेतलेली केबल नुसती चार्जिंगची, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच! भल्ला राग आला ना बाप्पा, नवीन पोरं तर इथंच कंटाळून सोडून देतात. फोन दिसला पण अनऑथराइज्ड (म्हणजे परवानगी नाही) लिहून आलं तर फोनचं लॉक उघडा, परवानगीचा मेसेज तिथं अडकून बसला असते. अँड्रॉइड ११ पासून पेअरिंग कोड टाकून वायफायवरही जोडता येते, फक्त फोन अन् लॅपटॉप एकाच नेटवर्कवर पाहिजे.