नायलॉन ६ मध्ये ग्लास फायबर + नॅनोट्यूब: रोध उतरत नाही, इम्पॅक्ट मात्र पडला

प्रश्न:
१०० किलोच्या बॅचला ५० किलो नायलॉन ६, १५% मल्टिवॉल नॅनोट्यूबचा (वीज वाहणाऱ्या, कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) २० किलो मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये आधीच दाट मिसळून केलेले दाणे) आणि ३० किलो चॉप्ड ग्लास असं घेतलंय. म्हणजे नॅनोट्यूब ३%, ग्लास ३०%. सगळा माल मेन हॉपरमधून ट्विन स्क्रूला (दोन स्क्रूंचं, वितळवून मिसळणारं यंत्र) जातो. पृष्ठरोध १०च्या ६व्या घाताइतका (ओहम) हवाय, येतोय ९व्या घाताइतका. इम्पॅक्ट (आघात सोसण्याची ताकद) साध्या ३०% ग्लासच्या मालापेक्षाही कमी. नॅनोट्यूब ५% करून पाहू का?

उत्तर १:
नको. मेल्ट (वितळलेला माल) अजून घट्ट होईल आणि काच अजून तुटेल. नॅनोट्यूबचे गुंते सुटायला नीडिंग ब्लॉकचा (स्क्रूवरचे माल मळणारे भाग) जोर लागतो, आणि तोच जोर काचेचा भुगा करतो. म्हणून मेन हॉपरमध्ये फक्त नायलॉन आणि मास्टरबॅच टाका. नीडिंग ब्लॉक संपले, माल पूर्ण वितळला की पुढे साइड फीडरने ग्लास सोडा. त्यानंतर कन्व्हेइंग एलिमेंट (माल फक्त पुढे ढकलणारे भाग) आणि फार तर एखादा सौम्य ब्लॉक. उलट्या आट्यांचं एलिमेंट तिथे अजिबात नको. मास्टरबॅचचा कॅरियर (ज्या प्लास्टिकमध्ये नॅनोट्यूब मिसळल्यात ते) नायलॉन ६च आहे ना, तेही बघा. पॉलिथिनचा असेल तर इम्पॅक्ट तिथूनच जातोय.

प्रश्नकर्ता:
कॅरियर नायलॉन ६च आहे. ६२५ अंशांवर राख केली (प्लास्टिक जळून काच उरते), फायबरची सरासरी लांबी १६० मायक्रॉन भरली.

उत्तर २:
मग इम्पॅक्टचं उत्तर मिळालं: काच फारच तुटली आहे. रोधाचा दोष मात्र मोल्डिंगचाही असू शकतो. इंजेक्शनचा वेग जास्त असला की पृष्ठभागाच्या थरात नळ्या प्रवाहाच्या दिशेने ओढल्या जातात आणि त्यांचे एकमेकींशी असलेले स्पर्श तुटतात. ओळखायचं कसं? नमुन्याचा वरचा ०.२ मिमी थर पॉलिश पेपरने, पाणी लावून घासा (कोरडी धूळ उडू देऊ नका, मास्क लावा). नीट सुकवा, चांदीच्या पेंटच्या दोन पट्ट्या ओढा आणि पुन्हा मोजा. रोध धाडकन उतरला तर इंजेक्शनचा वेग कमी करा, मोल्ड ८०–९० अंशांवर ठेवा. उतरला नाही तर गुंते सुटलेले नाहीत: मायक्रोटोमने (अतिपातळ काप काढणारं यंत्र) पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली काळे ठिपके, म्हणजे न सुटलेले गुंते, शोधा.

उत्तर १:
एक राहिलं. इम्पॅक्टची तुलना करताना दोन्ही नमुने सारखेच कोरडे हवेत. ओलावा प्यायलेला नायलॉन चिवट होतो, आणि कोरड्या नमुन्याशी त्याची तुलना केली तर आकडा फसवतो.