मदत हवी आहे: जाड थर ओला असलेलं तैलचित्र कुरिअरने कसं पाठवू?

प्रदर्शनातलं एक चित्र विकलं गेलं आहे. 36 बाय 48 इंच, कॅनव्हास, लाकडी चौकटीवर ताणलेला. ग्राहक दुसऱ्या शहरात आहेत, पूर्ण पैसे दिलेत आणि चित्र तीन आठवड्यांत हवं आहे. मुदत वाढवून मागितली, पण वास्तुशांतीचा दिवस ठरलेला.

चित्र संपवून अडीच महिने झाले. पातळ भाग कोरडे आहेत, पण पेंटिंग नाइफने (रंग थापायच्या पात्याने) जाड लावलेला टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग नख टेकवलं की दबतो. जवसाचं तेल वापरलं होतं, अल्किड (रंग लवकर वाळवणारं माध्यम) नाही. व्हार्निश अर्थातच केलेलं नाही, त्याला किमान सहा महिने थांबेन. (हेअर ड्रायर सुचवू नका. तेल ऑक्सिजनने घट्ट होतं, पाणी उडून नव्हे.)

त्याच रंगाच्या तुकड्यावर ग्लासिन कागद (चित्रं झाकायला वापरतात तो गुळगुळीत कागद) दोन दिवस ठेवून पाहिला, पृष्ठभागावर ठसा उमटला. गुंडाळून पाठवायचं तर जाड थराला तडे जातील, म्हणून तो मार्ग बाद.

आता प्लायवूडची पेटी करून घेतोय. चौकट मागच्या बाजूने पट्ट्यांना स्क्रूने बसवायची, म्हणजे समोर काहीच टेकणार नाही.

ज्यांनी असं चित्र पाठवलं आहे त्यांना विचारतो: थरापासून झाकणापर्यंत किती अंतर ठेवलंत? आणि प्रवासात एवढा मोठा कॅनव्हास हेलकावून झाकणाला लागू नये म्हणून मागून काय आधार दिलात?